चढ आणि उतार : मॉड्युलर सिंथमध्ये गेट, ट्रिगर आणि लॉजिक कसं हाताळायचं

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्यूल केबलनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्यातल्या सोळा पायऱ्यांच्या सिक्वेन्सरवर, म्हणजे भरलेला क्रम पायरीपायरीनं वाजवणाऱ्या मॉड्यूलवर, मी पहिल्यांदा तीनताल बसवला तेव्हा ऐकायला शेजारच्या तबल्याच्या मास्तरांना बोलावलं होतं. समेवर एक घंटा वाजत होती, ती थेट क्लॉकवरून, म्हणजे ठोके देणाऱ्या सिग्नलवरून. ठेका सिक्वेन्सरवरून. मास्तरांनी डोळे मिटून दोन आवर्तनं हातावर मोजली आणि म्हणाले, "अरे, घंटा जागेवर आहे. तुझा समेचा धा मात्र एक मात्रा आधीच येऊन बसतोय." मी म्हटलं, "नाही सर, ही बघा ना केबल, रीसेट बरोबर पहिल्या मात्रेवरच दिलाय." केबल बरोबर होती. सिक्वेन्सरला पहिल्या पायरीवर परत नेणारा रीसेटचा सिग्नलही बरोबर होता. सिक्वेन्सर त्या सिग्नलमध्ये नेमकं काय बघतो हे मात्र मी कधी तपासलंच नव्हतं.

हा लेख त्या तपासण्याबद्दल आहे. हार्डवेअर नसेल तरी अडत नाही. व्हीसीव्ही रॅक हे संगणकावरचं मॉड्युलर फुकट मिळतं, आणि खालचं सगळं त्यात करून बघता येतं. उलट मी म्हणेन, केबल आणि मॉड्यूलवर पैसे घालण्याआधी आठवडाभर त्यातच खेळा.

आधी ओळख

मॉड्युलरमधले काही सिग्नल हळूहळू चढतात-उतरतात, जसं फिल्टर उघडणारं व्होल्टेज. बाकीच्यांना दोनच गोष्टी येतात, हो आणि नाही. शून्य व्होल्ट म्हणजे नाही. हो म्हणजे किती, यावर मात्र एकमत नाही. डीटर डोएप्फर यांच्या ए-१०० या मॉड्यूलच्या मालिकेपासून रुळलेल्या युरोरॅक या मापाच्या मॉड्यूलमध्ये कुणाचं गेट ५ व्होल्टचं, कुणाचं ८, कुणाचं १०. जुन्या मूगची तर वेगळीच तऱ्हा: त्याचा एस-ट्रिगर तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला टेकवली की "हो" समजतो. तसलं यंत्र हाताशी असेल तर मधे रूपांतर करणारं सर्किट लागेलच.

गेट, ट्रिगर आणि क्लॉक हे तीन वेगळे सिग्नल आहेत असं नवख्याला वाटतं. तार तीच, व्होल्टेज तेच. किल्ली दाबून ठेवाल तेवढा वेळ वर राहतं ते गेट. काही मिलिसेकंदांत वर जाऊन खाली येतो तो ट्रिगर. ठरावीक अंतरानं येत राहतो तो क्लॉक. फरक आहे तो घेणाऱ्याच्या बघण्यात. घेणारं इनपुट दोनपैकी एक गोष्ट बघतं: सिग्नल सध्या वर आहे का, किंवा सिग्नल आत्ता वर गेला का. पहिलीला मी पातळी म्हणतो. दुसरीला इंजिनिअर मंडळी रायझिंग एज म्हणतात, मी चढ म्हणतो. आणि खाली येण्याचा क्षण म्हणजे उतार. मॉड्युलरमधली निम्मी भुतं या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे दिसतात.

पायरी पहिली : प्रत्येक इनपुटला विचारा, तू काय बघतोस?

यासाठी हाताने दाबायचं गेटचं बटण घ्या. नसेल तर अगदी संथ चौकोनी एलएफओ (संथ लहर देणारं मॉड्यूल) चालेल, पाच सेकंद वर, पाच सेकंद खाली. तो सिक्वेन्सरच्या क्लॉक इनपुटला लावा. वर जाताना पायरी पुढे सरकली तर तो चढ बघतो. खाली येताना सरकली तर उतार. हे काल्पनिक नाही. ४००० मालिकेतल्या लॉजिक चिपांवर आजही असंख्य मॉड्यूल बांधली जातात. त्यातली ४०१७ चढावर मोजते आणि ४०४० उतारावर. दोघींना एकच क्लॉक दिलात तर एक नेहमी पल्सच्या रुंदीइतकी मागे राहणार. मी हे मुद्दाम वापरतो. पल्सची रुंदी बदलली की दुसरा आवाज रेंगाळायला लागतो आणि तालाला आयता झोल मिळतो.

आता तोच एलएफओ रीसेटला लावा, क्लॉक वेगळा चालू ठेवा. सिक्वेन्सर पहिल्या पायरीवर उडी मारून लगेच पुढे चालू लागला तर तो रीसेटचा चढ बघतो. पाच सेकंद पहिल्याच पायरीवर अडून बसला तर तो पातळी बघतो. ४०१७ दुसऱ्या जातीची आहे, तिचा रीसेट वर असेपर्यंत क्लॉकचं ती काही ऐकत नाही. अशा सिक्वेन्सरला रीसेट म्हणून लांबलचक गेट दिलं की निम्मं आवर्तन तो झोपा काढतो आणि आपण बिघाड शोधत बसतो.

एडीएसआर एन्व्हलप, म्हणजे सूर कसा उमटतो, टिकतो आणि विरतो ते ठरवणारं मॉड्यूल, दोन्ही बघतं. चढावर सुरू होतं, पातळी असेपर्यंत सस्टेनवर थांबतं, उतारावर सोडून देतं. त्याला ट्रिगर दिलात तर सूर तोकडा येतो. त्यात एन्व्हलपचा दोष नसतो.

हे सगळं एका कागदावर लिहून रॅकच्या आत चिकटवा. माझ्याकडे तो कागद आहे आणि मॅन्युअलपेक्षा जास्त वेळा वाचला गेलाय.

पायरी दुसरी : कशापासूनही हो-नाही काढा

त्यासाठी कम्पॅरेटर. एका बाजूला कुठलंही व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला तुम्ही लावलेला उंबरठा. व्होल्टेज उंबरठ्याच्या वर गेलं की हो. त्रिकोणी एलएफओ दिला आणि उंबरठा हलवला तर गेटची रुंदी बदलते. फिल्टर उघडणारं एन्व्हलप दिलं तर ते पुरेसं चढल्यावरच दुसरं काहीतरी सुरू होतं. हे मला फार आवडतं, कारण यंत्र स्वतःचंच ऐकून उत्तर देतंय असं वाटतं.

उंबरठ्याजवळ रेंगाळणारा सिग्नल एकाऐवजी दहा ट्रिगर देतो. म्हणून चांगल्या कम्पॅरेटरला दोन उंबरठे असतात, वर जायला एक आणि खाली यायला त्याहून थोडा खालचा. त्याला श्मिट ट्रिगर म्हणतात. ४०१०६ ही चिप सहा श्मिट इन्व्हर्टर घेऊन येते, आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती शोधायला फार पायपीट करावी लागत नाही.

पायरी तिसरी : दोन सिग्नल जोडा, पण तारेला तार जोडून नाही

दोन आउटपुट एकाच मल्टिपलमध्ये (एकमेकांना जोडलेल्या सॉकेटांच्या पट्टीत) खुपसले तर एक म्हणतं ८ व्होल्ट, दुसरं म्हणतं शून्य. बहुतेक मॉड्यूलच्या आउटपुटला रेझिस्टर असल्यामुळे काही जळत नाही, पण हाती येतात सुमारे ४ व्होल्ट. ते कुणाच्या उंबरठ्यावरून जातं, कुणाच्या नाही. जोडायचं काम लॉजिकचं.

ऑर : दोघांपैकी कुणीही वर असेल तर वर. घरी करायचा तर दोन १एन४१४८ डायोड आणि ग्राउंडला एक १०० किलोओहमचा रेझिस्टर, झालं. डायोड अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त खातो, तेवढं सोसतं. ऑरचा खरा सापळा वेगळा आहे. पहिलं गेट वर असतानाच दुसरं वर गेलं तर आउटपुट आधीच वर आहे, म्हणजे नवा चढच नाही. दुसरा ठोका गिळला जातो. दोन ताल एकत्र करायचे असतील तर आधी प्रत्येकाचा ट्रिगर करा, मग ऑर. ट्रिगर करायला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर पुरतो, साधारण एक मिलिसेकंदाचा टोचा मिळतो. उतारावर उलट्या दिशेचा टोचाही येतो, तो डायोडनं अडवा.

अँड : दोघंही वर असतील तरच वर. मी याला दारवान समजतो. एका पायात क्लॉक, दुसऱ्यात गेट. गेट वर असेल तेवढ्याच वेळ ठोके आत जातात.

नॉट : उलटं. वर ते खाली. चढाचा उतार होतो हे विसरू नका. पूर्ण ताल पल्सभर सरकवायला एक नॉट पुरतो.

एक्स-ऑर : दोघं वेगळे असतील तर वर. तालासाठी हे सगळ्यात खोडकर. /३ आणि /४, म्हणजे दर तीन आणि दर चार पल्सला एकदा येणारे, असे दोन भागलेले क्लॉक त्यात घाला, बारा मात्रांचं एक न सांगता येणारं पण पुन्हापुन्हा येणारं आवर्तन मिळेल.

तुमच्याकडे अँड नसेल, फक्त ऑर आणि नॉट असतील तर? दोन्ही इनपुट उलटे करा, ऑर करा, उत्तर पुन्हा उलटं करा. अँड तयार. हा नियम ज्यांच्या नावाचा, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडेच, मदुराईत जन्मले होते. रॅकमध्ये जागा वाचवताना त्यांची आठवण येते.

पायरी चौथी : तीनताल मोजायला लावा

आता मुख्य काम. एका मात्रेला एक पल्स असा क्लॉक घ्या आणि तो बायनरी डिव्हायडरला, म्हणजे क्लॉक टप्प्याटप्प्यानं निम्मा करणाऱ्या मॉड्यूलला, द्या: /२, /४, /८, /१६. रीसेट झाल्यावर सगळे आउटपुट खाली असतात आणि तीच पहिली मात्रा, असं धरून चालू. मग /८ चं आउटपुट पहिल्या चार मात्रा खाली, पुढच्या चार वर. /१६ चं पहिल्या आठ खाली, पुढच्या आठ वर.

या दोन तारांत तीनतालाचे चारही विभाग आले. दोन्ही खाली म्हणजे मात्रा १ ते ४. फक्त /८ वर म्हणजे ५ ते ८. फक्त /१६ वर म्हणजे ९ ते १२, म्हणजे तालातली "खाली". दोन्ही वर म्हणजे १३ ते १६.

तेव्हा खालीच्या विभागाचं गेट हवं तर /८ ला नॉट लावा आणि ते /१६ बरोबर अँड करा. एक नॉट, एक अँड. हे गेट नवव्या मात्रेला वर जातं आणि तेराव्याला खाली येतं. दिवे बघत एक आवर्तन मोजा. काही डिव्हायडर पहिल्या पल्सला सगळे आउटपुट वर नेतात. तुमचा तसा असेल तर नॉट /१६ ला लावा, /८ तसंच ठेवा.

आता कुणीही म्हणेल, की या गेटनं डग्ग्याचा आवाज बंद केला की खाली मिळाली. मीही तेच केलं होतं. ठेका तोंडानं म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववी मात्रा धा आहे. तिथे डग्गा वाजतो! तो गप्प होतो दहाव्या मात्रेला आणि परत येतो चौदाव्याला. म्हणजे हवं तेच चार मात्रांचं गेट, पण एक मात्रा उशिरा.

पायरी पाचवी : एक मात्रा थांबवणारी डबी

ते काम डी फ्लिप-फ्लॉपचं. त्याला दोन इनपुट असतात, डेटा आणि क्लॉक. क्लॉकचा चढ आला की तो डेटावर एक नजर टाकतो, जे दिसेल ते आउटपुटवर धरतो, आणि पुढच्या चढापर्यंत डेटानं कितीही नाच केला तरी ढिम्म हलत नाही. ४०१३ मध्ये असे दोन असतात.

खालीचं गेट डेटाला द्या, मात्रेचा क्लॉक थेट त्याच्या क्लॉकला. नवव्या मात्रेचा चढ येतो तेव्हा डिव्हायडर आणि लॉजिकला हलायला अजून किंचित वेळ असतो, त्यामुळे फ्लिप-फ्लॉपला जुनं खाली असलेलंच गेट दिसतं. दहाव्याला वर दिसतं. तेराव्याला पुन्हा तीच किंचित दिरंगाई, म्हणून अजून वरच. चौदाव्याला खाली. आउटपुट बरोबर १० ते १३ वर राहतं. ते उलटं करा, मात्रेच्या क्लॉकबरोबर अँड करा आणि डग्ग्याच्या आवाजाला द्या.

इथे एक भूत आहे. दहाव्या मात्रेच्या चढाला क्लॉक वर गेलेला असतो, पण फ्लिप-फ्लॉपनं दार बंद करायला एक निमिष घेतलेलं असतं. तेवढ्या फटीतून सुईच्या टोकाएवढा पल्स निसटतो. काही मॉड्यूल तो ऐकत नाहीत, काही ऐकतात आणि तिं वर डग्ग्याचा दबका ठोका पडतो. उपाय: दाराला जाणारा क्लॉक एक-दोन मिलिसेकंद उशिरा पाठवा, म्हणजे तो येईतो दार हललेलं असतं. कानाला हा उशीर कळत नाही. व्हीसीव्ही रॅकमध्येही हे भूत भेटतं, कारण तिथे प्रत्येक केबल एका सॅम्पलचा, म्हणजे डिजिटल आवाजाच्या एका कणाचा, उशीर करते. लांब वळसा घेऊन आलेला सिग्नल थेट आलेल्याच्या मागे पडणारच.

फ्लिप-फ्लॉपचा आणखी एक उपयोग. गोंगाट, म्हणजे नॉइझ, कम्पॅरेटरला द्या, त्याचं आउटपुट डेटाला. प्रत्येक मात्रेला नाणं उडवल्यासारखं हो किंवा नाही मिळतं, आणि तेही तालात. उंबरठा वर नेला की हो ची शक्यता घटते. या गेटनं तिरकिटाचा आवाज उघडा-मिटा, यंत्र थोडं माणसासारखं वाजवू लागतं. थोडंच.

पायरी सहावी : रीसेट

आता माझ्या चुकलेल्या समेकडे. मी समेचा पल्स सिक्वेन्सरच्या रीसेटला दिला होता आणि त्याच क्षणी मात्रेचा क्लॉकही पोचत होता. आधी रीसेट पोचला, सिक्वेन्सर पहिल्या पायरीवर गेला. लगेच क्लॉकचा चढ आला, तो दुसऱ्या पायरीवर सरकला. म्हणून आवर्तनभर सगळं एक मात्रा पुढे. पहिली पायरी वाजायची ती सोळाव्या मात्रेला. मास्तरांनी पकडलं ते हेच.

आधी बघा तुमचा सिक्वेन्सर कसा वागतो. क्लॉक बंद करून रीसेट दाबा. तो लगेच पहिल्या पायरीवर गेला, आणि क्लॉक सुरू केल्यावर पहिल्याच पल्सला दुसरी पायरी वाजली, तर रीसेट क्लॉकच्या किंचित नंतर पोचायला हवा. रीसेटच्या वाटेवर एक मिलिसेकंदाचा उशीर घाला. याउलट, रीसेटनंतर तो दबा धरून बसला आणि पुढच्या पल्सला पहिली पायरी वाजली, तर रीसेट आधी हवा. मग उशीर क्लॉकला. पातळी बघणारा असेल तर रीसेटचा पल्स क्लॉकच्या जरा आधी सुरू होऊन त्याचा चढ झाकून संपेल इतका रुंद ठेवा, आणि तेवढाच. व्हीसीव्हीच्या लेखकांनी यावर साधा संकेत घातलाय, रीसेटनंतर एक मिलिसेकंद आलेला क्लॉक मॉड्यूलनं मनावर घ्यायचा नाही. हार्डवेअरवाल्यांनी हे सगळ्यांनी मिळून ठरवलं असतं तर माझी ती संध्याकाळ वाचली असती.

पायरी सातवी : शिफ्ट रजिस्टर आणि शाळेतली वृत्तं

फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक जोडले, सगळ्यांना एकच क्लॉक दिला, की शिफ्ट रजिस्टर. पहिल्यात आलेलं हो किंवा नाही प्रत्येक मात्रेला एक घर पुढे सरकतं. शेवटचं घर पुन्हा पहिल्याला जोडलं तर नमुना फिरत राहतो. टॉम व्हिटवेल यांच्या म्युझिक थिंगचं ट्युरिंग मशीन हे मॉड्यूल याच तत्त्वावर चालतं. रॉब होर्डाइक यांच्या रंगलर या सर्किटमध्ये रजिस्टरच्या तीन घरांवरून आठ पातळ्यांचं व्होल्टेज काढलेलं असतं.

तीन घरं, आठ शक्यता. यमाताराजभानसलगम् आठवतंय? लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १ लिहा. य मा ता रा ज भा न स: ० १ १ १ ० १ ० ०. पुढचे ल आणि गम्, म्हणजे ० आणि १, ही सुरुवातीचीच दोन अक्षरं पुन्हा आली. ही आठ घरं गोल फिरवा आणि कुठलीही सलग तीन बघा: ०११ यगण, १११ मगण, ११० तगण, १०१ रगण, ०१० जगण, १०० भगण, ००० नगण, ००१ सगण. आठही गण, प्रत्येक एकदाच. वृत्तं घोकताना आपण शिफ्ट रजिस्टर पाठ करत होतो.

करायचं असं. आठ घरांचं फिरतं रजिस्टर घ्या, त्यात हाच नमुना हाताने भरा. सलग तीन घरांचे गेट मिक्सरमध्ये घाला. सगळ्यात जुन्या घराचं बटण पूर्ण, मधल्याचं अर्धं, नव्याचं पाव. मिक्सरचं आउटपुट इतकं कमी करा, की तिन्ही घरं वर असताना बरोबर १ व्होल्ट, म्हणजे एक सप्तक मिळेल. हे आधी मल्टिमीटरनं बघा, मग कानानं. ते व्होल्टेज बिलावलच्या, म्हणजे मेजर स्केलच्या क्वांटायझरला (व्होल्टेजला स्केलमधल्या सुरावर बसवणाऱ्या मॉड्यूलला) द्या. तुमचा क्वांटायझर जवळच्या सुराऐवजी खालचा सूर पकडत असेल तर जरासा ऑफसेट वाढवा, सा पासून वरच्या सा पर्यंत आठही सूर सुटे ऐकू येईपर्यंत.

गण ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं त्यांचे आकडे होतात ३, ७, ६, ५, २, ४, ०, १. म्हणजे म, वरचा सा, नी, ध, ग, प, सा, रे. सोळा मात्रांत हे दोनदा बसतं. मास्तरांना पुन्हा बोलावलं तेव्हा ठेक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मान तेवढी हलवली. ही ओळ ऐकून मात्र विचारलं, "कुणी बांधलीय?"